कापडी पिशवी की पन्नी?

आठवडी बाजारात पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पातळ पिशवी, फुकट मिळत असताना बचत गटाने शिवलेली पिशवी पैसे मोजून का घ्यावी, असे शेजारच्या काकूंनी विचारले. पन्नीचा खर्च भाजीच्या भावातच मिसळलेला असतो. शिवाय महाराष्ट्रात २०१८ पासून तिच्यावर बंदी असून तेव्हा पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठरला होता, हे बाजारात कुणाला आठवत नाही एवढेच.

टिकाऊपणात तुलनाच नाही. दुहेरी शिवणीची मांजरपाटाची पिशवी पाच किलो ज्वारी वर्षानुवर्षे वाहते, तर पन्नीचे कान घरी पोचेपर्यंत तुटतात, आणि ती उकिरड्यावर गेली की शिळ्या अन्नासकट गाय तिला गिळते. पचत नसल्याने ती पोटात साठत जाते व जनावर खंगते.

कापडी पिशवीला मात्र कष्ट आहेत: ती धुवावी लागते, आठवणीने न्यावी लागते. कापूस पिकवायलाही पाणी व श्रम लागतात, म्हणून नवी पिशवी चार-दोनदा वापरून टाकण्यात अर्थ नाही.

धान्य-भाजीसाठी गटाची पिशवी घ्यावी, हात आखडता असेल तर जुन्या धोतराची शिवावी. मासळी-दह्यासाठी डबाच बरा.