कर्मचाऱ्याचा लॅपटॉप तपासून देणारी सेवा: घ्यावी का?

आमच्या कंपनीत एचआरचं काम माझ्याकडे आहे. ऑफिसच्या कॉम्प्युटरचे नियम कुणी मोडल्याची तक्रार आली की ती माझ्याच टेबलावर येते. अलीकडे अशा एका प्रकरणात आम्ही डिजिटल फॉरेन्सिक तपासणी (कॉम्प्युटरमधला पुरावा शास्त्रीय पद्धतीने शोधून जपणं) करणाऱ्या बाहेरच्या संस्थेची सेवा घेतली. संस्थेचं नाव देत नाही, कारण त्यावरून प्रकरण आणि माणूस दोन्ही ओळखता येतील. पण सेवा कशी होती हे सविस्तर लिहितेय, कारण अशा तपासणीवर एखाद्याची नोकरी ठरते आणि निवड करताना मला कुठे नीट माहिती मिळाली नव्हती.

तक्रार दोन भागांत होती. विक्री विभागातली एक कर्मचारी कामाच्या वेळात नोकरीच्या आणि खरेदीच्या साइट बघत बसते, हा पहिला भाग. ग्राहकांची यादी तिने स्वतःच्या पेनड्राइव्हवर नेली, हा दुसरा. तक्रार तिच्या टीम लीडने केली होती आणि पुरावा म्हणून ब्राउझर हिस्ट्रीचे फोटो जोडले होते. ते त्याने ती जागेवर नसताना तिच्या स्क्रीनवरून मोबाइलवर काढले होते. (दुसऱ्याचं लॉगिन असं वापरणं हासुद्धा नियमभंगच. त्याची मी वेगळी नोंद घेतली.) आमचे डायरेक्टर म्हणाले, "हिस्ट्री समोर दिसतेय, आता तपासायचं काय राहिलं?" आयटीतला मुलगा लॅपटॉप उघडून बघायला तयारच होता. मी दोघांनाही थांबवलं. चालू मशीनवर नुसत्या फाइली उघडल्या तरी वेळांच्या नोंदी बदलू शकतात, आणि एसएसडी (नव्या प्रकारची, चिपवर साठवण करणारी डिस्क) असेल तर डिलीट केलेला मजकूर ट्रिममुळे, म्हणजे रिकामी जागा आपोआप साफ करण्याच्या सोयीमुळे, लवकरच कायमचा जातो. शिवाय ज्या विभागाने तिला लॅपटॉप दिला, त्याच विभागाने तिच्याविरुद्ध पुरावा गोळा करायचा हे मला पटत नव्हतं.

या संस्थेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट लॅपटॉपला हात लावण्याआधीची आहे. त्यांनी आधी कागद मागितले: कॉम्प्युटर वापराचं धोरण, ते वाचल्याची तिची सही, आणि तपासात कोणत्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते लेखी. मी पाठवलेल्या पहिल्या पत्रात 'लॅपटॉपची संपूर्ण तपासणी' असं होतं, कारण डायरेक्टरांना तेच हवं होतं. त्यांच्या तपासनीस बाईंचा लगेच फोन आला. "मॅडम, 'सगळं बघा' असं काम आम्ही घेत नाही. कोणत्या तारखांमधलं, कोणत्या आरोपाचं, तेवढं लिहून द्या." शेवटी दोन प्रश्न आणि एक ठरावीक कालावधी एवढीच चौकट ठरली.

आमच्या वकिलांनीही याच मुद्द्यावर जोर दिला आणि मला बर्बुलेस्कू विरुद्ध रोमानिया हा निकाल वाचायला सांगितला. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने (तिथल्या मोठ्या पीठाने) तो 5 सप्टेंबर 2017 ला दिला. बर्बुलेस्कू नावाच्या कर्मचाऱ्याने ऑफिसच्या कामासाठी उघडलेल्या याहू मेसेंजरवरून घरच्यांशी खाजगी गप्पा मारल्या, कंपनीने त्या वाचल्या आणि त्याला काढून टाकलं. खाजगी वापराला कंपनीत बंदी होती, तरी न्यायालयाचा कौल 11 विरुद्ध 6 मतांनी त्याच्या बाजूने लागला. नजर ठेवली जाणार याची आधी कल्पना दिली होती का, ती किती खोलवर ठेवली, त्यासाठी ठोस कारण होतं का, कमी आक्रमक मार्ग होता का, हे प्रश्न त्या निकालात आहेत. तो आपल्याला लागू होवो न होवो, प्रत्येक एचआरवाल्याने हे प्रश्न स्वतःला विचारायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

डिस्कची प्रत काढण्याचं काम नीट झालं. कर्मचारी स्वतः, तिने निवडलेली एक सहकारी आणि मी, तिघी समोर होतो. डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जाऊ नये म्हणून मध्ये राइट ब्लॉकर लावला, बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) 48 अंकी रिकव्हरी की आयटीकडून लेखी नोंद करून घेतली, आणि प्रतीची एसएचए-256 हॅश (मजकुरावरून गणिताने निघणारा, बोटाच्या ठशासारखा कोड) काढून त्या 64 अक्षरांखाली सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मूळ मजकुरात नंतर कुणी काडीचाही बदल केला तर ही हॅश जुळत नाही. त्या कागदाची एक प्रत तिलाही दिली. तोपर्यंत ती खूप घाबरलेली होती. कागद हातात आल्यावर तिने पहिल्यांदा स्वतःहून प्रश्न विचारले.

आता निष्कर्ष. हिस्ट्रीतल्या ज्या नोंदींवरून एवढा गदारोळ झाला, त्यातल्या बहुतेक नोंदी त्या लॅपटॉपवरच्या नव्हत्याच! तिने ऑफिसच्या क्रोममध्ये स्वतःचं खाजगी अकाउंट उघडून सिंक चालू ठेवलं होतं, त्यामुळे मोबाइलवर बघितलेली पानं ऑफिसच्या हिस्ट्रीतही येत होती. डोळ्यांना दोन्ही जवळपास सारखीच दिसतात, पण ब्राउझरच्या डेटाबेसमध्ये सिंक होऊन आलेल्या भेटींची वेगळी खूण असते. ती खूण त्यांनी ओळीओळीला तपासली. लॅपटॉपवर खरोखर उघडलेल्या खाजगी साइट उरल्या त्या मोजक्या, आणि त्याही बहुतेक सुट्टीच्या वेळेतल्या. टीम लीडच्या फोटोंवर विसंबून आम्ही निर्णय घेतला असता तर एका माणसावर उघड अन्याय झाला असता.

पेनड्राइव्हचा आरोप मात्र खरा निघाला. जोडलेल्या ड्राइव्हची कंपनी आणि सिरियल नंबर विंडोजच्या रजिस्ट्रीत (सेटिंग्जच्या नोंदवहीत) सापडतात, तो पहिल्यांदा कधी जोडला तेही एका लॉगमध्ये असतं. त्या ड्राइव्हवरून ग्राहकांची यादी उघडल्याचं शॉर्टकट फाइलवरून दिसलं, कारण त्यात ड्राइव्हच्या व्हॉल्यूमचा क्रमांकही नोंदलेला असतो. पण अहवालात त्यांनी पुढे स्पष्ट लिहिलं: फाइल पेनड्राइव्हवर कॉपी केल्याची नोंद विंडोज आपोआप ठेवत नाही, त्यासाठी ऑडिटिंग (फाइलींना कोणी हात लावला याची नोंद ठेवणं) आधीच चालू असावं लागतं, आणि तुमच्याकडे ते नव्हतं. म्हणून कॉपी कोणी आणि कधी केली, किंवा यादी पुढे कुणाला दिली का, हे या लॅपटॉपवरून सांगता येणार नाही. पैसे घेऊन काम करणाऱ्या माणसाने 'हे सांगता येणार नाही' असं कागदावर लिहून देणं मला फार मोलाचं वाटतं.

तपासनीस बाई अहवाल द्यायला आल्या तेव्हा डायरेक्टरांनी विचारलं, "आणखी काही सापडलं का?" बाई म्हणाल्या, "सर, दिलेल्या प्रश्नांबाहेरचं आम्ही नोंदवलेलं नाही." डायरेक्टरांनी पुन्हा विचारलं, उत्तर तेच आलं.

कमतरताही सांगते, आणि त्यातली एक गंभीर आहे. पूर्ण अहवालाआधी संस्थेच्या ऑफिसमधून 'प्राथमिक माहिती' म्हणून एक तक्ता ईमेलने आला. त्यातल्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्या घड्याळाच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत, होत्या आणि तसं कुठेही लिहिलेलं नव्हतं. क्रोम वेळ 1 जानेवारी 1601 पासूनच्या मायक्रोसेकंदांत यूटीसीनुसार साठवतो. ती स्थानिक वेळेत बदलून द्यायची, किंवा निदान वर तसा शेरा तरी मारायचा. डायरेक्टरांनी सुट्टीतल्या वेळा कामाच्या समजून वाचल्या आणि निलंबनाचं पत्र तयार करायला सांगितलं. मी फोन करून खात्री केली म्हणून ते थांबलं. अर्धवट तक्ते पाठवू नका, असं मी त्यांना लेखी कळवलंय. दुसरं, अहवालाची भाषा. मुख्य निष्कर्ष मागच्या पानांत, कोडच्या भाषेत पुरलेले होते. ज्याच्याबद्दल अहवाल आहे त्या व्यक्तीला तो वाचता आलाच पाहिजे. मी मागितल्यावर दोन पानांचा सोपा सारांश मिळाला, पण तो आधीच जोडलेला हवा होता.

काम संपल्यावर त्यांच्या विक्री विभागाने सगळ्यांच्या लॅपटॉपवर की-लॉगर (कीबोर्डवर टाइप केलेलं सगळं टिपणारं सॉफ्टवेअर) आणि स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर बसवायचा प्रस्ताव पाठवला. तो मी नाकारला. की-लॉगरमध्ये लोकांचे बँकेचे पासवर्ड आणि डॉक्टरांशी झालेलं बोलणंही येतं. ज्या संस्थेने आधी एवढा संयम दाखवला तिने हे विकावं याचं वाईट वाटलं.

पुढचं काम आमचं होतं. तिला आरोप लेखी दिले, अहवाल दिला, उत्तराला वेळ दिला. बाहेरून काम करताना ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारं व्हीपीएन सतत तुटायचं म्हणून यादी ड्राइव्हवर घेतली, असं तिने सांगितलं. आयटीकडच्या तक्रारी काढून बघितल्या, तर तिने व्हीपीएनबद्दल वारंवार लिहिलेलं होतं आणि तक्रारी न सोडवताच बंद झाल्या होत्या. नियम मोडला हे खरंच, आणि ग्राहकांची माहिती ही हलकी गोष्ट नाही. म्हणून लेखी समज दिली आणि ड्राइव्हवरची यादी तिच्यासमोर पुसली. याआधी अशाच प्रकारात एका वरिष्ठाला तोंडी समज देऊन सोडलं होतं, हे मी बैठकीत मांडलं. त्यामुळे नोकरीवरून काढायचा विषय संपला. ऑफिसच्या ब्राउझरमध्ये खाजगी अकाउंट उघडायचं नाही हे कलम आता धोरणात आहे, आणि व्हीपीएन दुरुस्त झालंय.

तर सेवा घ्यावी का? कुणी दिवसभर गाणी ऐकतो, क्रिकेटचा स्कोअर बघतो, एवढ्यासाठी अजिबात नको. तिथे वरिष्ठाने समोर बसवून बोलावं. नोकरी जाण्याइतका आरोप असेल, माहिती बाहेर गेल्याचा संशय असेल आणि कर्मचारी तो नाकारत असेल, तर जरूर घ्या, पण करार करताना चार गोष्टी लिहून घ्या: वेळा स्थानिक हव्यात, मधले तक्ते नकोत, सोपा सारांश हवा, आणि प्रकरण मिटल्यावर डिस्कची प्रत नष्ट केल्याचं पत्र हवं. शेवटचं पत्र आम्हाला न मागता मिळालं, आणि त्याची प्रत थेट तिच्या नावानेही आली होती.