इटलीची संरक्षित कुटुंबगृहे : योजना चांगली, निधी तोकडा

शिक्षा भोगणाऱ्या आईसोबत तिच्या लहान मुलालाही गजांआड वाढावे लागू नये, म्हणून इटलीने २०११ च्या कायदा क्रमांक ६२ मध्ये दोन सोयी आखल्या. पहिली सोय म्हणजे ‘इकाम’ या नावाने ओळखली जाणारी कमी बंदोबस्ताची बंदिगृहे. तेथे मूल सहा वर्षांचे होईपर्यंत आईजवळ राहू शकते. मिलानमधील इकाम कायद्याच्या आधीच, २००६ मध्ये, तुरुंगाच्या आवाराबाहेर सुरू झाले होते. तेथील पहारेकरी साध्या वेषात वावरतात आणि मुले बाहेरच्या बालवाडीत जातात. आईला मात्र परवानगीशिवाय उंबरठा ओलांडता येत नाही, त्यामुळे वातावरण कितीही सौम्य केले तरी तो तुरुंगच राहतो.

दुसरी सोय, म्हणजे आई आणि मुलाने तुरुंगाबाहेर घरासारखे राहण्याचे संरक्षित कुटुंबगृह, मला अधिक मोलाची वाटते. नजरकैद मिळण्यास पात्र असूनही जिला स्वतःचे घर नाही, अशा आईला न्यायालय येथे पाठवू शकते. घर असलेली आई नजरकैदेत जाते आणि नसलेली तुरुंगात, हा अन्याय याच सोयीने मिटायचा होता. पण मूळ कायद्यात या गृहांचा भार सरकारी तिजोरीवर पडणार नाही, अशी अट होती. साहजिकच गृहे उभी राहीनात. रोममधील ‘कासा दी लेदा’ २०१७ मध्ये सुरू झाले, तेही संघटित गुन्हेगारांकडून जप्त केलेल्या बंगल्यात.

पुढे डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या अर्थसंकल्पाने २०२१ ते २०२३ या वर्षांसाठी दरसाल १५ लाख युरोंचा निधी दिला. रक्कम मोठी नाही, आणि ती देशभरातील प्रदेशांत वाटली जायची होती. माझी खरी तक्रार मुदतीविषयी आहे : इमारत भाड्याने घेऊन कर्मचारी नेमू पाहणारी संस्था तीन वर्षांच्या भरवशावर दीर्घकाळाची बांधिलकी कशी स्वीकारणार?

वडिलांसाठीची तरतूद तर अगदीच मोजकी आहे. आई हयात नसेल किंवा मुलाला सांभाळण्यास पूर्णतः असमर्थ असेल, तरच त्यांना हा लाभ मिळतो. त्यातच २०२५ च्या सुरक्षाविषयक अध्यादेशाने गर्भवतींची आणि वर्षाखालील मुलांच्या मातांची शिक्षा सक्तीने पुढे ढकलण्याची तरतूद काढून तो निर्णय न्यायाधीशांच्या मर्जीवर सोडला आहे. त्यामुळे इकाममधील गर्दी वाढण्याची शक्यता आहे. म्हणून या योजनेला मी आराखड्यासाठी पूर्ण गुण देईन, अंमलबजावणीसाठी मात्र निम्मेही देणार नाही.