पंक्चर न होणारी ट्रॉलीची चाकं: घ्या, पण आधी हब मोजा

सामान ओढायच्या चारचाकी ट्रॉलीची हवेची चाकं काढून पीयू (पॉलीयुरेथेन) फोमची भरीव चाकं बसवली, वापरून बघितली, आता लिहिते. पंक्चरची कटकट संपली हे तर आहेच पण खरा फायदा वेगळाच, ट्रॉली कितीही दिवस पडून राहिली तरी बाहेर काढली की लगेच चालते. हवेच्या चाकांत हेच व्हायचं नाही. छोट्या टायरमधली हवा नुसती उभ्या उभ्या कमी होते, मग टायर रिमवरून सुटतो आणि पंप मारला तरी हवा बाजूनेच बाहेर, ट्यूब नसेल तर विचारूच नका.

आता खरेदीचं. सगळे टायरवरचा साइज वाचतात, ४.१०/३.५०-४ वगैरे, त्यातला शेवटचा ४ म्हणजे रिमचा व्यास इंचात, आणि असं चाक बाहेरून साधारण १० इंची भरतं. ते ठीक आहे पण चाक बसणार की नाही हे टायर ठरवत नाही, हब ठरवतो, म्हणजे चाकाच्या मधली नळी, जिच्यातून एक्सल जातो. एक्सल व्हर्नियरने (मिमीचा बारीक भागही दाखवणारं मोजमापाचं साधन) मोजा, टेपने नको. ५/८ इंचाचं भोक म्हणजे १५.८८ मिमी, आणि तुमचा एक्सल पूर्ण १६ मिमीचा असेल तर एवढ्याशा फरकासाठी चाक आत जात नाही! उलट पाऊण इंची भोकात बारीक एक्सल असेल तर बुश (मधली फट भरणारी छोटी नळी) घालून चालवता येतं, माझ्या सेटसोबत असे बुश आलेत, प्लास्टिकचे आहेत, जड कामाला लोखंडी बघा.

मग हबची लांबी. हब आखूड असेल तर वॉशर टाकून भागतं, पण लांब निघाला तर एक्सलचं स्प्लिट पिनचं (चाक निसटू नये म्हणून टोकाला घालतात ती पिन) भोक हबच्या आतच जातं, काहीच करता येत नाही. आणि हब मधोमध आहे का एका बाजूला सरकलेला हेही बघा, नाहीतर पुढची चाकं वळताना ट्रॉलीच्या तळाला घासतात. विक्रेते फोटो टायरच्या नक्षीचे टाकतात आणि हबची मापं कुठेतरी खाली बारीक अक्षरात, याचा मला खरंच राग येतो.

चालवायला कशी? कडक. हवेचं चाक खड्डा थोडा पिऊन टाकतं, फोम कमी पितो, त्यामुळे कुंड्या, काच असलं काही नेताना खाली गोधडी टाका. तरी भरीव रबरापेक्षा फोम बरा, कारण रबराचं चाक चांगलंच जड असतं आणि रिकामी ट्रॉली उचलतानाही ते जाणवतं. मात्र भरलेली ट्रॉली महिनोन्महिने एकाच जागी उभी ठेवणार असाल तर फोम नको, दाबाखाली तळ चपटा होतो आणि मग चाक धडधडत फिरतं. ऊनही फोमला मानवत नाही, त्यामुळे ट्रॉली सावलीत ठेवा.

वजनाबद्दल एक गंमत, चाकावर ३०० पौंड (म्हणजे १३६ किलो) लिहिलेलं असलं की लोक त्याला चाराने गुणून मोकळे होतात. खडबडीत जमिनीवर एक चाक अधांतरी असतं आणि भार तिघांवर येतो, शिवाय ट्रॉलीचं स्वतःचं वजन, एक्सलची ताकद हे वेगळंच. आणि ही चाकं चालण्याच्या वेगाची आहेत, गाडीच्या मागे बांधून पळवू नका, फोम आतून तापतो.

एकच चाक गेलं असेल तरी त्या एक्सलची दोन्ही बदला. फोमचं चाक ओढताना फारसं दबत नाही, हवेचं दबतं, मग ट्रॉली एका अंगाला कलते आणि ओढताना सारखी बाजूला जाते. बेअरिंगवालं मिळालं तर बुशवाल्यापेक्षा तेच घ्या, भरलेली ट्रॉली ओढताना फरक लगेच कळतो, बसवताना एक्सलला थोडं ग्रीस मात्र लावा.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क कापला तो त्या प्लास्टिकच्या बुशचा.