शँडी करावी की मिचेलाडा?

घरी बिअर कॉकटेल करायचंय, पण शँडी की मिचेलाडा यात अडकलेल्या मैत्रिणीसाठी हे लिहितेय.

शँडीला मेहनत जवळपास नाहीच. थंडगार लागर (साधी, हलक्या चवीची बिअर) आणि लेमनेड निम्मं-निम्मं, ग्लास तिरका धरून हळू ओतायचं. ढवळू नका, गॅस उडून जातो. ५ टक्क्यांची बिअर २.५ टक्क्यांवर येते, हा तिचा मोठा गुण.

मेक्सिकोच्या मिचेलाडाला लिंबाचा रस, तिखट सॉस, वूस्टरशर सॉस (आंबट-खारट पातळ इंग्लिश सॉस) आणि ग्लासच्या कडेला मीठ लागतं. खर्च थोडा जास्त, पण सॉसच्या बाटल्या बरेच दिवस पुरतात. वूस्टरशरमध्ये बहुधा अँचोव्ही मासा असतो. शाकाहारींनी लेबल वाचावंच. चवीत मला हीच सरस वाटते, मात्र मद्याचं प्रमाण फारसं घटत नाही.

हलकं, गोडसर हवं तर शँडी. तिखट-आंबट, खारं आवडत असेल तर मिचेलाडा.