दिवाळीच्या गर्दीत बुकिंगशिवाय मराठवाडा: कॅम्पर घ्यावी की आपली कारच बरी?

दिवाळीच्या सुट्टीत कुठलंही बुकिंग न करता मराठवाडा फिरायचा, एवढं ज्यांचं ठरलंय त्यांच्यासमोर दोन वाटा असतात. आपली कार काढायची आणि संध्याकाळ होईल त्या गावात लॉज नाहीतर भक्तनिवास शोधायचं. किंवा कॅम्पर, म्हणजे आतच झोपायची आणि संडासाची सोय असलेली गाडी, भाड्याने घ्यायची आणि मुक्काम गाडीतच करायचा. मी दोन्ही करून बघितलंय, तेही ऐन सीझनमध्ये, आई आणि लेकरं बरोबर असताना. फ्रिज केवढा, बेड किती लांब हे कॅम्पर देणारे सांगतातच, ते इथे नको. लायसन्सचं मात्र हमखास विचारलं जातं. 7,500 किलोच्या आतल्या गाडीला साधं हलक्या वाहनाचं लायसन्स चालतं, मग गाडी भाड्याची असली तरी. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलंय.

आधी कॅम्परची गंमत ऐका. बुकिंगशिवाय फिरायचं म्हणून ती घ्यायची, आणि तिचंच बुकिंग गणपतीच्या आसपास करून ठेवावं लागतं. दसऱ्यानंतर फोन केलात तर ‘दिवाळीनंतर या’ हेच ऐकाल. शिवाय या गाड्या बहुतेक पुण्या-मुंबईत मिळतात, त्यामुळे पहिला दिवस नुसता मराठवाड्यात शिरण्यात जातो. समृद्धी कितीही मोकळा असला तरी आमची गाडी ऐंशीच्या पुढे न्यायचं मन झालं नाही. डिझेलचं ॲव्हरेज नऊ-दहाच्या घरात पडलं, म्हणजे आमच्या कारच्या निम्मं. दिवसाचं भाडं चांगल्या हॉटेलच्या दोन रूमएवढं. पैशांचा हिशोब एवढ्यावर सोडला तर कार सहज जिंकते. दोघंच जण असाल किंवा तीन दिवसांचीच सुट्टी असेल, तर पुढचं वाचायचीही गरज नाही. कार काढा.

पण घरात एक म्हातारं माणूस आणि एक-दोन लहान मुलं असतील तर हिशोब फिरतो, आणि तो फिरतो संध्याकाळी चारनंतर.

सीझनमध्ये बुकिंगशिवाय कारने फिरणाऱ्याचा दिवस चारलाच संपतो. त्यानंतर डोक्यात एकच, रूम. वेरूळला सोळा नंबरच्या लेण्यात, रावण कैलास हलवतोय त्या शिल्पासमोर उभा राहून मी फोनवर एक्स्ट्रा गादीचा भाव करत होतो. बायको पलीकडच्या खांबाजवळ दुसऱ्या लॉजला फोन लावत होती. आजूबाजूला बघितलं तर निम्म्या कुटुंबांतला एकेक गडी कानाला फोन लावून उभा. शिल्प मुलांनीच बघितलं.

फोनवर ‘या, बघू’ एवढंच उत्तर मिळतं. मग गावात शिरायचं. काउंटरवरचा माणूस मान वर न करता विचारतो, ‘किती जण?’ पाच म्हटलं की सुस्कारा. मग एक पोरगा किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे आणि मी मागे, दोन जिने चढून. खोलीत डांबरगोळ्यांचा वास, बाथरूमचा दिवा दोनदा फडफडून लागतो, बादलीच्या तळाशी क्षाराचा पांढरा थर. गरम पाणी सकाळी सहा ते आठ. मी खाली येईपर्यंत मागे तीन माणसं उभी आणि साहेब म्हणतात, ‘लवकर सांगा, पार्टी थांबलीये.’ आई गाडीत बसलेली. तिचा गुडघा दोन जिने मानणार आहे का, हे विचारायला बाहेर जाऊन परत यावं तर रूम गेलेली. मग पुढचा लॉज, पुन्हा किल्ल्या, पुन्हा जिने. एरवी पंधराशेला मिळणारी खोली साडेतीन हजारांना घेतल्याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. सीझन आहे, त्यांनीही कमवावं. वाईट वाटलं ते रोजच्या या परेडचं. भक्तनिवासात भाव वाजवी आणि स्वच्छताही बरी, पण सुट्टीत ते दुपारीच भरतं आणि तिथे वशिलाही चालत नाही, जे खरं तर चांगलंच आहे. नांदेडला तर दिवाळीत हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबहून एवढे लोक येतात की यात्री निवासाच्या दारात सामान घेऊन बसलेली कुटुंबं दिसतात.

कॅम्परमध्येही संध्याकाळी विचारावं लागतंच. फक्त मागायची वस्तू वेगळी असते. सीझनमध्ये मराठवाड्यात खोल्या संपतात, जागा संपत नाही. ‘रात्रभर गाडी उभी करू का?’ याला फारसं कुणी नाही म्हणत नाही. गाव कुठलं, एवढी मोठी गाडी कशाची, आत काय काय आहे, असे चार प्रश्न होतात, लेकरं आत डोकावून जातात, आणि ‘थांबा की, त्यात काय’ म्हणून विषय मिटतो.

कुठे थांबायचं? 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण तशी रीतसर पार्किंगची जागा मला तरी आमच्या वाटेवर दिसली नाही. ढाबे आणि पेट्रोल पंप आहेतच. पंपावर उजेड आणि कॅमेरे असतात, ढाब्यावर पिठलं-भाकरी आणि शेंगदाण्याचा ठेचा, मात्र ट्रकचे एअर ब्रेक रात्रभर फुसफुसत राहतात आणि आईची झोप सावध. आमची खरी सोय झाली ती मंगल कार्यालयांत. तुळशीचं लग्न लागेपर्यंत लग्नाचे मुहूर्त नसतात, त्यामुळे दिवाळीच्या आठवड्यात लॉज ओसंडत असताना तालुक्याच्या गावाबाहेरची ही कार्यालयं रिकामी पडलेली असतात. मोठं मैदान, कंपाउंड, फाटकाला कुलूप, बोअरचं पाणी, संडास-बाथरूम, आणि राखणीला एक मामा. अंबाजोगाईच्या अलीकडे अशाच एका कार्यालयात विचारलं. मामांनी मालकांना फोन लावून दिला. मालक म्हणाले, ‘पैशाचं राहू द्या, मामाला काहीतरी द्या.’ मामांनी स्वतःच स्वयंपाकघराच्या बाजूचा सोळा ॲम्पिअरचा पॉइंट दाखवला, वायर ओढायला हात लावला आणि रात्री फराळाला आमच्यात येऊन बसले. आईने चकली पुढे केली तर म्हणाले, ‘दात नाहीत माय, लाडू द्या.’

सगळीकडे असाच अनुभव येईल असं मी म्हणणार नाही. एका ठिकाणी सरळ नाही म्हणाले, एका ठिकाणी मामांनाच भीती वाटली. पण नकार आला तरी तो फाटकावर दोन मिनिटांत येतो, जिने चढून झाल्यावर नाही.

आता कॅम्परची जी बाजू फोटोंत कधीच दिसत नाही, ती. आतल्या संडासाची पेटी रोज नाही तर एकाआड एक दिवस रिकामी करावी लागते. ते काम कुणाचं यावर आमच्याकडे चर्चा झाली नाही, ते माझंच होतं. निळं औषध टाकलं तरी झाकण उघडताना तोंड फिरवावंच लागतं. ती कुठे ओतायची? उघड्यावर किंवा नाल्यात अजिबात नाही. कार्यालयाच्या किंवा पंपाच्या संडासात, विचारून, आणि वर दोन बादल्या पाणी टाकून. हे ज्याला जमणार नाही त्याने कॅम्पर घेऊच नये, उगाच घरात भांडणं होतील. आम्ही पुढे पुढे आतला संडास फक्त रात्री आईसाठी ठेवला, त्याने काम निम्मं झालं.

पाण्याचंही तसंच. शंभर लिटरची टाकी पाच जणांना दीड दिवस पुरली, तीही आंघोळी बाहेर उरकून. दिवाळीत विहिरी-बोअर भरलेले असतात, पाण्याला कुणी नाही म्हणत नाही. उन्हाळ्यात मात्र ही सहल याच पद्धतीने करू नका. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या भागात एप्रिल-मेमध्ये दारात गाडी लावून टाकी भरून मागणं बरं दिसत नाही. शिवाय परभणीच्या उन्हात पत्र्याची ती गाडी रात्री बारापर्यंत निवत नाही, आणि रात्रभर एसी चालवायला बाहेरची वीज लागते. दिवाळीत खिडक्या उघड्या टाकल्या की भागतं, पहाटे उलट गोधडी लागते.

कॅम्पर कुठे अडते? गल्लीत. तुळजापूर, परळी, खुलताबाद, या गावांत मध्यापर्यंत जायचा मोहच नको. कारही सुट्टीत लांबच लावावी लागते, पण लांब म्हणजे चालत जाता येईल एवढंच. कॅम्परला वीजेच्या लोंबत्या तारा, स्वागताच्या कमानी, मांडवाचे वासे हे सगळं डोक्यावर धरून चालावं लागतं. संभाजीनगरहून वेरूळला जाताना दौलताबादच्या दिल्ली दरवाजातून रस्ता जातो, तिथे सुट्टीत कोंडी ठरलेली. त्या कमानीत अडकून समोरच्या बसकडे बघत बसण्यापेक्षा मी माळीवाडा, कसाबखेड्यावरून फिरून जाणं पसंत केलं. तुळजापूरला दर्शन पहाटे उरकून मुक्काम नळदुर्गच्या बाजूला हलवला; सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर मोठ्या मैदानाचे ढाबे आहेत आणि किल्ला सकाळच्या उन्हात मोकळा मिळतो. अजिंठ्याला दोन्ही गाड्यांत काही फरक नाही, फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी ठेवून पुढे बसनेच जायचं.

अंधार पडल्यावर मात्र कुठलीच गाडी चालवू नका. दिवाळी झाली की कारखान्यांच्या वाटेवर उसाचे ट्रॅक्टर सुरू होतात, मागे दोन-दोन ट्रॉल्या आणि लाल दिवा एकीलाही नाही. हा मुद्दा मला कॅम्परच्या बाजूचा वाटतो. उजेड असतानाच थांबणं कॅम्परवाल्याला परवडतं. कारवाला रूमच्या शोधात ‘पुढच्या गावात बघू’ म्हणत साडेआठला रस्त्यावरच असतो.

वारांचा हिशोब दोघांनाही उपयोगी आहे. सोमवारी अजिंठा बंद, म्हणून सगळे वेरूळला; त्यात घृष्णेश्वराचा सोमवार. मंगळवारी वेरूळ बंद, सगळे अजिंठ्याला. त्यामुळे रविवारी रात्री वेरूळ-खुलताबादला आणि सोमवारी रात्री फर्दापूरला रूम शोधणं म्हणजे नशिबाची परीक्षा. कारने जाणार असाल तर निदान या दोन रात्रींपुरतं बुकिंग कराच. बुकिंग न करण्याचा हट्ट बाकीच्या रात्रींना ठेवा, औंढा, नांदेडच्या वाटेवर, कंधार, उदगीर, तिकडे लेण्यांइतकी झुंबड नसते. कॅम्परवाल्याने मात्र त्या रात्री गावापासून दहा-पंधरा किलोमीटर मागे थांबून सकाळी आठच्या आत पोचावं, पार्किंगही मिळतं आणि लेणीही.

पुन्हा सांगतो, कार स्वस्त आहे, चपळ आहे, आणि तिची पेटी रिकामी करावी लागत नाही. तरीही यंदा गणपती बसायच्या आधीच मी कॅम्परवाल्याला ॲडव्हान्स देऊन ठेवलाय. आईने तिकडून विचारलं होतं, ‘तीच जिन्याशिवायची गाडी ना?’ दारात तिला तीन पायऱ्या आहेत, पण मी हो म्हणालो.

नाताळच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर मंगल कार्यालयांचा भरवसा धरू नका. डिसेंबरात लग्नं जोरात असतात. कॅलेंडरवर मुहूर्ताच्या तारखा आधी बघून घ्या, त्या दिवशी पंप किंवा ढाबा धरा, आणि मधल्या कोरड्या तारखांना दुपारीच फाटकावर जाऊन विचारा. मैदानात मांडवाचे खांब पडलेले दिसले तर गाडी थांबवूच नका, रात्री दोनपर्यंत डीजे चालेल.