आंबा घाटातली सोनघंटा फेरी: जरूर करा

स्थानिक वाटाड्यासोबतची, सोनघंटेचं रानटी फुलझाड बघायची ही सकाळची फेरी माणशी ५०० रुपये, चहा-पोहे त्यातच. लालबुड्या बुलबुल गाडीतून उतरताच घाणेरीच्या जाळीत बोलत होते. ते तर शहरातल्या गॅलरीतही घरटं करतात. सोनघंटेसाठी मात्र चढावं लागतं. जास्वंदीच्या कुळातलं हे झुडूप फक्त महाराष्ट्राच्या सह्याद्रीत, तेही मोजक्याच जागी उरलंय. १८९४ साली त्याला वनस्पती गोळा करणाऱ्या रानड्यांच्या नावावरून शास्त्रीय नाव मिळालं. लोंबती केशरी-पिवळी फुलं, त्यांवर लाल शिरा, काय देखणी! बुलबुल करवंदाच्या बिया रानभर पोचवतो, सोनघंटेचं फळ मात्र कोरडं, त्याच्या कामाचं नाही. वाटाड्यानं हे छान उलगडलं. फुलाला हात लावू देत नाहीत, नेमकी जागा फोनवरून टाकू देत नाहीत. मला हे फार पटलं. थंडीत जा.