गणपतीत स्टँडअप: मांडवात की क्लबमध्ये?

सोसायटीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा, पाककृती आणि फॅन्सी ड्रेस स्पर्धेच्या जोडीला आता स्टँडअपही (एकट्या कलाकारानं माइकवर बोलून हसवणं) मागितलं जातं. मग समितीपुढे दोन पर्याय येतात: कलाकाराला मांडवात बोलवायचं, नाहीतर पंचवीस-तीस जणांनी मिळून शहरातल्या कॉमेडी क्लबचा एखादा शो गाठायचा. समितीत असताना मी दोन्हींची तयारी केली आहे. माझा कल क्लबकडे आहे. पण मांडवाची बाजू काही लंगडी नाही, म्हणून आधी तिच्याविषयी.

मांडवात सगळे येतात. गुडघेदुखीच्या आजी येतात, तान्ह्या बाळाची आई येते, रात्रपाळीला निघालेले काका जाताजाता दहा मिनिटं थांबतात. क्लबमध्ये बऱ्याचदा जिना चढावा लागतो आणि 16 किंवा 18 वर्षांची अट असते. वर्गणी सगळ्यांनी दिलेली असताना निम्म्या घरांना बाहेर ठेवणारा कार्यक्रम करणं समितीला जड जातं, आणि ते योग्यच आहे.

अडचण मांडवाच्या रचनेतच आहे. स्टेज तीन-चार फूट उंच असतं, पुढे मुलांसाठी सतरंज्या आणि त्यांच्यामागे खुर्च्या. म्हणजे कलाकार आणि पहिला मोठा माणूस यांच्यात सहज पंधरा-वीस फुटांचं अंतर पडतं. ट्यूबलाइट आणि हॅलोजन चालूच असल्यामुळे शेजारी काय करताहेत हे प्रत्येकाला दिसतं, आणि सासऱ्यांसमोर मोठ्यानं हसायला माणूस बिचकतो. वर छप्पर म्हणजे कापड आणि बाजू मोकळ्या, त्यामुळे आलेला हशाही तिथे टिकत नाही. दोनशे माणसांनी हसूनही कलाकाराच्या कानावर पोचतो तो चाळीसेक जणांचा आवाज. मग तो बोलण्याचा वेग वाढवतो आणि पंच, म्हणजे हशा आणणाऱ्या शेवटच्या ओळी, वाया जायला लागतात.

साउंडवाल्याला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: एको बंद. आदल्या दिवशीच्या कराओकेसाठी लावलेलं सेटिंग तसंच राहतं आणि शेवटचा शब्द, म्हणजे नेमका पंच, घुमून विरतो. कॉर्डलेस माइकच्या सेलवर विसंबू नका. एक वायरचा माइक आणि सरळ स्टँड हाताशी ठेवा. जनरेटर स्टेजमागे नको, शक्य तितका लांब हवा. पाच मिनिटांची माइक चाचणी कलाकाराला स्वतः करू द्या.

वेळेचंही गणित असतं. आरती साडेआठच्या आधी क्वचितच संपते. ध्वनिप्रदूषण नियम 2000 प्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस ही मर्यादा रात्री 12 पर्यंत वाढवू शकतं. त्यातले काही दिवस गणपतीच्या वाट्याला येतात, पण कोणते ते दर वर्षीच्या आदेशात पाहूनच तारीख ठरवावी. सवलत नसलेल्या दिवशी तुमच्या हातात जेमतेम तासभर उरतो. बंदिस्त सभागृहातल्या, आतल्या आत राहणाऱ्या आवाजाला रात्रीची ही बंदी नाही, म्हणून क्लबचा साडेनऊचा शो निर्धास्त चालतो.

हे सगळं सांभाळता येतं. ज्याला माझ्याकडे उपाय नाही, ती गोष्ट म्हणजे मध्येच होणारी घोषणा. कलाकाराचा सेट, म्हणजे त्यानं बांधून आणलेला कार्यक्रम, रंगात येतो आणि दुसऱ्या माइकवरून आवाज येतो: बी विंगच्या गेटसमोरची पांढरी गाडी काढा. कधी प्रसादाची रांग लावायची असते, कधी देणगीदाराचं नाव राहिलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, ती गाडी खरोखर कुणाची तरी वाट अडवून उभी असते. गाण्याच्या कार्यक्रमात हे खपतं, कारण मुखडा पुन्हा घेता येतो. विनोदाचं तसं नसतं. कलाकार दीड-दोन मिनिटं प्रसंग उभा करतो, प्रेक्षकाच्या मनात एक अपेक्षा तयार करतो आणि शेवटच्या ओळीत ती मोडतो. मधल्या दहा सेकंदांत ती अपेक्षाच पुसली गेली, तर पुढची ओळ बरोबर असूनही पडते, आणि प्रसंग पुन्हा सांगायला लागलं की सगळ्यांना शेवट कळलेला असतो. असं दोनदा झालं की अनुभवी कलाकारही तयार मजकूर सोडून ‘पुढच्या रांगेतले काका, काय करता तुम्ही?’ या क्राउडवर्कवर, म्हणजे प्रेक्षकांशी थेट गप्पांवर, येतो. लोक हसतात, पण ज्यासाठी त्याला बोलावलं तो मजकूर ऐकायचा राहूनच जातो. दुसरा माइक बंद ठेवायचं समितीत ठरवता येतं. उत्सवाच्या धांदलीत ते पाळलं गेलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

मजकुराचीही अट येते. समोर मुलं आणि आजी-आजोबा असले की कलाकाराला सगळ्यांना चालेल असाच सेट करावा लागतो. नव्या कलाकाराकडे असा मजकूर दहा-पंधरा मिनिटांचा असतो. पाऊण तास हवा असेल तर अनुभवी माणूस आणि सोबत त्याच्या आधी थोडा वेळ बोलणारा एक ओपनर, म्हणजे मानधन आणि प्रवासखर्च दोघांचा. शिवाय ‘हास्यजत्रेसारखं काहीतरी’ अशी अपेक्षा ठेवून बसलेल्यांना एकटा माणूस नुसता बोलताना पाहून चुकल्यासारखं वाटतं. त्यांना प्रहसनच द्यावं, त्यात काही कमीपणा नाही.

क्लबमध्ये यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं: साठ ते शंभर खुर्च्या, बुटकं छत, प्रेक्षकांत अंधार, फूट-दीड फुटाचं स्टेज. हशा छताला लागून परत येतो आणि मागच्या रांगेलाही हसवतो. लाइनअप शोमध्ये सूत्रसंचालक सुरुवातीची आठ-दहा मिनिटं प्रेक्षकांना रंगात आणतो, मग तीन-चार जण दहा-पंधरा मिनिटं, शेवटी हेडलायनर, म्हणजे मुख्य कलाकार. दीड तासात सुटका. एखादा नाही आवडला तर दहा मिनिटांत दुसरा येतो. म्हणूनच मिश्र वयाच्या गटाला एकाच कलाकाराच्या शोपेक्षा लाइनअप बरा, असं मला वाटतं. तिकीट माझ्या पाहण्यात तीनशे ते सातशेच्या घरात असतं. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना स्वस्त म्हणून ओपन माइकला नेऊ नये, तिथे नवा मजकूर तपासला जातो आणि बराचसा पडतो.

क्लबलाही त्रास आहेत. जिथे खाणंपिणं मिळतं तिथे हेडलायनर स्टेजवर असतानाच बिल येतं आणि टेबलावर पैशांचा हिशेब सुरू होतो. ऑर्डर देतानाच पैसे चुकते केले की हे टळतं. उत्सवात शनिवारी ऑफिसचे मोठे गट येतात आणि आपापसात बोलत बसतात, त्यामुळे मंगळवार ते गुरुवारचा शो अधिक चांगला. पुण्यात पेठांमधले रस्ते संध्याकाळी वाहनांना बंद असतात. गाडी लांब लावून मेट्रोनं जाणं सोपं, उत्सवात ती उशिरापर्यंत धावते, फक्त त्या वर्षीच्या वेळा पाहून ठेवा. उशिरा पोचलात तर सेट संपेपर्यंत दारात थांबवतात. गौरींच्या तीन दिवसांत घरातल्या बायकांना निघता येत नाही, विसर्जनाच्या दिवशी तर कुणीच पोचत नाही. आपल्या गणपतीचं विसर्जन पाचव्या दिवशी असेल तर त्यानंतरच्या आठवड्यात जा.

जागांसाठी आधी फोन करा आणि एकत्र ब्लॉक मागा, नाहीतर गट चार कोपऱ्यांत विखुरतो. पहिली रांग थट्टा आवडणाऱ्यांना द्या, ज्येष्ठांना तिसरीत बसवा. आणि लाइनअपमध्ये मराठीत बोलणारे किती, हे नावं घेऊन विचारा. पुण्यातही ‘मिक्स’ लिहिलेल्या शोचा बराच भाग हिंदी-इंग्रजीत निघू शकतो, आणि गटात साठीपुढचे असतील तर पूर्ण मराठी रात्र मिळेपर्यंत थांबणं बरं.

एवढं करूनही ज्येष्ठांना नेणं शक्यच नसेल, तर मांडव सोडून क्लबहाउसचा हॉल घ्या: ऐंशी खुर्च्या जवळजवळ, दिवे बंद, एकच माइक, प्रसाद शोनंतर, आणि गाड्यांच्या घोषणांसाठी एक कार्यकर्ता फोन घेऊन गेटवर.